रिळाची पारख बेअरिंगच्या संख्येवरून होत नाही

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत अलीकडेच ठाणे आणि नवी मुंबईच्या खाडीकाठी गळाने मासे धरण्याच्या छंदावर एक पानभर लेख आला होता. लेख मनापासून लिहिलेला होता आणि या छंदाकडे कोणीतरी आस्थेने पाहिले याचा मला आनंदच झाला; परंतु त्यातील चौकटीत स्पिनिंग रीळ, म्हणजे रॉडला लावून तंगूस (गळाची दोरी) गुंडाळण्याचे यंत्र, कसे निवडावे याविषयी जो सल्ला दिला होता, तो वाचून मला राहवले नाही. बेअरिंग जितकी अधिक, तितके रीळ अलगद फिरते, अधिक टिकते आणि तंगूसही कमी गुंततो, असे तेथे म्हटले होते. पहिल्या पगारातून रॉड आणि रीळ घेणारी मुले अशाच सल्ल्यावर विसंबून पैसे घालवतात आणि पुढच्या पावसाळ्यात ते रीळ माळ्यावर टाकतात, हे मी सारसोळेच्या धक्क्यावर वारंवार पाहतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

माझी नोकरी महापे येथील एका कारखान्यात गिअर कापण्याच्या यंत्रावर झाली. सव्वीस वर्षे दातांची खरखर कानाने आणि बोटांनी ओळखण्यातच गेली, त्यामुळे गरवायला जाऊ लागल्यावर रीळ उघडून पाहण्याची सवय आपोआपच लागली. आतापर्यंत स्वतःची आणि सोबत्यांची मिळून बरीच रिळे मी खोलून, धुऊन, ग्रीस भरून परत जोडली आहेत. पुढे जे लिहीत आहे ते त्या अनुभवातून आलेले आहे.

स्पिनिंग रिळात बेअरिंग खऱ्या अर्थाने भार उचलते अशा जागा मोजक्याच असतात. मुख्य गिअरच्या दोन्ही बाजूंना एकेक, रोटर (तंगूस गुंडाळत फिरणारा भाग) फिरवणाऱ्या पिनियनला (लहान गिअरला) एक किंवा दोन, आणि तंगूस ज्यावरून वळून स्पूलवर (ज्यावर तो गुंडाळून राहतो त्या बॉबिनवर) जातो त्या लहानशा रोलरमध्ये एक, एवढी चांगल्या प्रतीची असली की काम भागते. खोक्यावर बेअरिंगच्या संख्येपुढे अधिक चिन्हानंतर लिहिलेले शेवटचे एक हे बहुधा हँडल उलटे फिरू न देणारे एकतर्फी बेअरिंग असते. त्याचा अलगदपणाशी काही संबंध नाही. मग दहा किंवा बारा हा आकडा कसा भरतो? हँडलच्या मुठीत दोन, सरकत्या भागात एखादे, स्पूलखाली एखादे, अशी जिथे साधी नायलॉनची किंवा पितळेची बुशिंगही (बिनगोळ्यांच्या नळ्या) वर्षानुवर्षे चालली असती तिथे स्वस्त पोलादाची बेअरिंगे बसवून तो भरतो. खाऱ्या हवेत अशा पोलादाला गंज धरायला एक पावसाळा पुरतो, आणि गंजलेले बेअरिंग हे बुशिंगपेक्षा कितीतरी वाईट. चार बेअरिंगचे रीळ दहा बेअरिंगच्या रिळापेक्षा सरस ठरू शकते ते यामुळे.

दुकानात रीळ हातात घेऊन मोकळे फिरवण्याची पद्धत तर सर्वांत फसवी आहे. नव्या रिळात पातळ ग्रीस भरलेले असते, रोटर हलका असतो, आणि टिचकी मारली की हँडल गरगर फिरत राहते. गिऱ्हाईक खूश होते. पण पाण्यात जिताड्यासारखा मोठा मासा लागल्यावर रिळावर जो ताण येतो त्या ताणाखाली ते कसे फिरते, हे यावरून मुळीच कळत नाही. मी घरी एक साधी परीक्षा करतो. आमच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून दोन लिटर पाण्याने भरलेली बाटली तंगुसाला बांधून खाली सोडतो, खाली कोणी नाही याची खात्री करून घेतो, आणि रॉड रेलिंगवर न टेकवता रिळाने ती बाटली सावकाश वर ओढतो. ज्या रिळाचे शरीर भार पडताच किंचित वाकते, त्याचे गिअर एकमेकांपासून हलतात आणि दर फेऱ्याला एका ठरावीक जागी हाताला गचका जाणवतो. तो गचका आज अगदी बारीक असला तरी सहा महिन्यांनी दात खाल्ले जाणार याची ती सूचना असते. मोकळे फिरवताना लोण्यासारखे वाटलेले रीळ या परीक्षेत अडखळते, आणि दुकानात जडसर वाटलेले रीळ तीच बाटली एका लयीत वर आणते, असे माझ्या हातून अनेकदा घडले आहे.

याचे मूळ दोन गोष्टींत आहे: गिअरचा धातू आणि रिळाच्या शरीराचा ताठपणा. स्वस्त रिळांत मुख्य गिअर जस्ताच्या मिश्रधातूचा ओतीव असतो. तो साच्यातून निघतो तसा वापरला जातो, त्याचे दात पुन्हा कापले जात नाहीत, आणि मऊ असल्यामुळे पितळेच्या पिनियनपुढे तो लवकर झिजतो. चांगल्या रिळात हा गिअर यंत्रावर कापलेला किंवा थंड अवस्थेत दाबून घडवलेला असतो. शिमानो या जपानी कंपनीचे उदाहरण या कामातल्या माणसाला आवडेल असे आहे. १९२१ साली साकाई शहरात सायकलचे फ्रीव्हील बनवण्यापासून तिने सुरुवात केली, १९६२ पासून थंड घडाईचे तंत्र सायकलच्या भागांसाठी वापरले, आणि १९७० मध्ये मासेमारीच्या साहित्यात पाऊल टाकल्यावर तेच कसब रिळाच्या गिअरपर्यंत नेले. शरीराच्या बाबतीत, ज्याला दुकानदार ग्रॅफाइट म्हणतात ते बहुतेकदा तंतू मिसळलेले नायलॉन असते. ते हलके असते, त्याला गंज लागत नाही, बोय किंवा लहान शिंगाळ्यासाठी ते पुरेसेही आहे; मात्र उधाणाच्या भरतीत मोठ्या माशाच्या अपेक्षेने उभे राहणाऱ्याने अ‍ॅल्युमिनियमचे शरीर घ्यावे, मग वजन थोडे वाढले तरी चालेल. अ‍ॅल्युमिनियमवरचा रंग खरवडला गेला की तिथे पांढरी भुकटी धरू लागते, हेही त्याच वेळी ध्यानात ठेवावे.

टिकाऊपणाविषयी लिहिताना आपल्या खाडीचा विचार वेगळा करावा लागतो. परदेशी तुलना वाचून रीळ घेणाऱ्यांची इथे फसगत होते, कारण त्या तुलना स्वच्छ समुद्राच्या किंवा गोड्या पाण्याच्या असतात. ठाणे खाडीचे पाणी खारे तर आहेच, शिवाय ओहोटीला उघड्या पडणाऱ्या दलदलीतला बारीक गाळ त्यात सतत मिसळलेला असतो. विणलेला तंगूस, ज्याला सगळे ब्रेड म्हणतात, तो हा गाळ आपल्या विणीत धरून आणतो आणि पहिल्यांदा रोलरवर, मग स्पूलच्या काठावर घासतो. माझ्या हातात आलेल्या नादुरुस्त रिळांपैकी बहुतेकांत पहिला बळी हा रोलरच होता. तो अडकला की तंगूस त्यावरून वळण्याऐवजी घसरतो, एकाच जागी खाच पडते, धागा पिंजला जातो आणि पीळही चढतो. म्हणून जुने रीळ घेताना मी आधी त्या रोलरला नखाने फिरवून पाहतो. हँडलला हात नंतर लावतो.

तीन रिळांची तुलना मी सलग दोन वर्षे वाशी आणि सारसोळे या दोन ठिकाणी केली. कंपन्यांची नावे मुद्दाम देत नाही, कारण एकेका नगावरून कोणाला दोष देणे योग्य नव्हे. पहिले होते अकरा बेअरिंगचे, सर्वांत स्वस्त. दुसरे चार बेअरिंगचे, नायलॉनच्या शरीराचे, मधल्या किमतीचे. तिसरे अ‍ॅल्युमिनियमचे, सांध्यांना रबरी सील असलेले, महाग. पहिल्या दिवशी पहिलेच सर्वांत अलगद फिरत होते. चौथ्या महिन्यात त्याचा रोलर अडकला, पहिला पावसाळा संपता संपता गिअरची खरखर मुठीत जाणवू लागली, आणि उघडल्यावर आत तांबूस चिखल होऊन बसलेली बेअरिंगे मिळाली. दुसरे रीळ कधीच फार अलगद नव्हते, पण दोन वर्षांनंतरही ते पहिल्या दिवशी होते तसेच फिरते. त्याच्या रोलरमध्ये बेअरिंग नव्हते, साधे बुशिंग होते, आणि थेंबभर तेलावर ते समाधानी राहिले. तिसरे रीळ सीलमुळे किंचित जड फिरते. ते जडपण म्हणजे दोष नाही, पाणी आत जाऊ नये म्हणून दाबून बसलेल्या रबराचे ते घर्षण आहे. भाराखाली तेच सर्वांत शांत चालते. मला एकच रीळ ठेवायचे झाले तर मी तिसरे ठेवीन, आणि शेजारच्या मुलाला आयुष्यातले पहिलेवहिले रीळ घ्यायचे असेल तर या दुसऱ्या रिळासारखे सुचवीन.

सीलविषयी एक गैरसमज दूर करणे आवश्यक वाटते. खोक्यावर आयपीएक्स ५ असे लिहिलेले असले म्हणजे रीळ पाण्यात बुडवले तरी चालते असे नाही. तो आकडा सर्व बाजूंनी मारलेल्या पाण्याच्या झोतापासूनचे संरक्षण सांगतो. बुडण्यापासूनचे संरक्षण ७ या आकड्यापासून सुरू होते, तेही एक मीटर खोलीपर्यंत आणि अर्ध्या तासापुरते. आणि या सर्व चाचण्या नव्या वस्तूवर, गोड्या पाण्यात होतात. डायवा कंपनीच्या काही रिळांत रबराऐवजी लोहचुंबकाने धरून ठेवलेल्या विशेष तेलाचा पडदा असतो. त्यामुळे घर्षण कमी होते हे खरे, परंतु त्या जागी आपण बाजारातले साधे तेल सोडले तर तो पडदाच मोडतो. ज्याला रीळ स्वतः उघडून साफ करण्याची आवड आहे त्याने घेण्यापूर्वी हे जाणून घ्यावे.

धुण्याची पद्धत थोडक्यात सांगतो. घरी आल्यावर आधी ड्रॅग (ताण वाढला की स्पूल घसरू देणारा ब्रेक) पूर्ण आवळावा, नळाच्या मंद धारेखाली रीळ धरावे, जोराचा फवारा कधीही मारू नये कारण तो मीठ आत ढकलतो. मग ड्रॅग सैल करून सावलीत वाळवावे आणि तो सैलच ठेवावा, म्हणजे आतील नमद्याच्या किंवा कार्बन फायबरच्या चकत्या दबून राहत नाहीत. रोलरला एक थेंब तेल. एकतर्फी बेअरिंगला ग्रीस लावू नये. लावले की हँडल ऐन वेळी उलटे सुटते.

आता गुंत्याकडे येतो, कारण लेखातील सर्वांत मोठी चूक तिथे आहे. गुंता बेअरिंगच्या संख्येमुळे होतही नाही आणि टळतही नाही. आधुनिक स्थिर स्पूलच्या रिळाचे पेटंट १९०५ साली इंग्लंडमधील ब्रॅडफर्डच्या अल्फ्रेड इलिंगवर्थ यांनी घेतले. ते लोकरीच्या गिरणीचे मालक होते आणि गिरणीतल्या बॉबिनवरून टोकाच्या बाजूने सूत सुटते ते पाहून त्यांना ही कल्पना सुचली असे सांगितले जाते. हे मला पटते, कारण माझी आई १९८२ च्या संपापर्यंत परळच्या एका गिरणीत वाइंडिंग खात्यात कामाला होती आणि लहानपणी तिच्याकडून मी हेच ऐकले होते: बॉबिन फिरवून सूत उकलले तर पीळ बदलत नाही, पण बॉबिन जागेवर ठेवून टोकावरून सूत ओढले तर दर वेढ्याला सुताला एक पीळ चढतो किंवा उतरतो. स्पिनिंग रिळात घडते ती यातली दुसरी गोष्ट. गळ फेकताना तंगूस टोकावरून सुटतो आणि दर वेढ्याला एक पीळ घेतो. परत गुंडाळताना रोटर स्पूलभोवती फिरून तेवढाच पीळ उलट देतो. हिशेब जुळतो, आणि म्हणूनच हे यंत्र चालते.

हा हिशेब बिघडतो तो मासा लागल्यावर. मासा जोर करतो, ड्रॅग कर्र कर्र वाजत तंगूस सोडत असतो, आणि नवखा घाबरून हँडल फिरवतच राहतो. त्या वेळी तंगूस आत येत नाही, मात्र रोटर फिरत असतो, आणि रोटरच्या प्रत्येक फेऱ्याला तंगुसात एक पीळ भरला जातो. रिळाचे प्रमाण ५.२ ला १ (हँडलच्या एका फेऱ्यात रोटरचे ५.२ फेरे) असेल तर हँडलच्या वीस फेऱ्यांत १०४ पीळ! मासा हाती येतो किंवा सुटतो, पण पुढच्या फेकीला तंगूस जरासा सैल पडताच तो स्वतःभोवती वळून गाठ बसते, आणि दोष रिळाला दिला जातो. माझ्या वहीत टिपलेल्या गुंत्यांपैकी जवळजवळ सगळे अशा झुंजीनंतरचे, किंवा पुढे सांगतो त्या सैल वेढ्यांचे आहेत. उपाय सोपा आहे. ड्रॅग वाजत असताना हँडलवरचा हात थांबवावा. रॉड उचलून माशाला जवळ आणावे आणि रॉड खाली नेतानाच गुंडाळावे. ड्रॅगचा जोर तंगुसाच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश इतका ठेवावा, आणि तो अंदाजाने ठरवण्यापेक्षा स्प्रिंगच्या काट्याने मोजावा: आठ किलोचा तंगूस असेल तर काट्यावर दोन ते अडीच किलोला स्पूल सुटायला हवे. फिरणारा चमचा किंवा ल्यूर वापरणाऱ्याने मध्ये फिरती कडी घालावी. पीळ चढलाच असेल तर ओहोटीच्या धारेत गळ आणि शिसे काढून पन्नास-साठ मीटर तंगूस मोकळा सोडावा. काही मिनिटांत तो स्वतःच उलगडतो, मग दोन बोटांच्या चिमटीतून गुंडाळून घ्यावा.

ब्रेडचा गुंता निराळा. त्याला वळण लक्षात राहत नाही, तो मऊ असतो, आणि म्हणूनच एखादा सैल वेढा खाली दबून राहिला तर पुढच्या फेकीत तो तीन-चार वेढे एकदम ओढून नेतो. संध्याकाळी खाडीवर वारा चढतो तेव्हा हे हमखास होते. गळ पाण्यात पडल्यावर हँडल फिरवून तारेची कमान (जी फेकण्यापूर्वी उघडतात) बंद करण्याची सवय याला कारण आहे. कमान हाताने पाडावी, तंगूस हाताने एकदा ताणून घ्यावा आणि मगच गुंडाळायला लागावे, एवढ्याने माझे निम्म्याहून अधिक गुंते थांबले. स्पूल काठोकाठ भरू नये, काठापासून दोन ते तीन मिलिमीटर जागा सोडावी. ब्रेड थेट गुळगुळीत स्पूलवर बांधला तर सगळा वेढाच गोल घसरतो, म्हणून खाली थोडा साधा नायलॉनचा तंगूस द्यावा, आणि भरताना ओल्या फडक्यातून ताण देऊन भरावा. इथे मात्र रिळाच्या बांधणीचाही थोडा वाटा आहे, हे मी मान्य करतो. स्पूल वरखाली नीट न सरकल्यामुळे वेढे एका टोकाला फुगत असतील तर गुंते वाढतात. अनेक रिळांसोबत अगदी पातळ चकत्या येतात. त्या स्पूलखाली घालून किंवा काढून हा उतार सरळ करता येतो. लोक त्या चकत्या खोक्यासह फेकून देतात. कृपया फेकू नयेत.

यावरून माझी आपणास विनंती अशी की, पुढच्या वेळी पुरवणीत अशी तुलना छापताना प्रत्येक रिळाबद्दल मुख्य गिअर कोणत्या धातूचा आहे, शरीर कशाचे आहे, रोलर सुटा करून साफ करता येतो का, आणि सुटे भाग ठाण्यात किंवा नवी मुंबईत मिळतात का, एवढे जरी विचारले तरी वाचकांचे भले होईल. शेवटचा प्रश्न मी सर्वांत वरचा मानतो. दोनशे रुपयांचा रोलर न मिळाल्यामुळे हजारोंचे रीळ भंगारात गेलेले मी पाहिले आहे, आणि ते मला, यंत्रावर आयुष्य काढलेल्या माणसाला, फार लागते.

गुंत्याचीच आणखी एक बाजू आहे. कापून काढलेला तंगूस धक्क्यावरच टाकला जातो, भरतीबरोबर तो तिवरांच्या मुळांत जाऊन अडकतो, आणि नायलॉन तिथे कुजत नाही. ठाणे खाडीचा एक भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ मध्ये त्याला रामसर यादीत स्थान मिळाले. रोहित पक्षी नेरूळ आणि सीवूड्सच्या पाणथळ जागांवरही उतरतात. मागील हिवाळ्यात ओहोटीच्या वेळी आम्हाला तिवरांत एक ढोकरी दोन्ही पाय तंगुसात आवळलेल्या अवस्थेत सापडली. तिघांनी मिळून, चिखलात गुडघाभर उतरून, कात्रीने तो एकेक वेढा कापला, तेव्हा ती उडाली. तो तंगूस साधा नायलॉनचा होता आणि पिळाने कुरळा झालेला होता, म्हणजे कोणीतरी ड्रॅग वाजत असताना हँडल फिरवत राहिले होते आणि मग सगळा गुंता कापून तिथेच सोडला होता. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात मासे धरण्याच्या धक्क्यांवर पीव्हीसी पाइपाचे उभे डबे लावलेले असतात, त्यांत लोक जुना तंगूस टाकतात आणि तो गोळा करून पुनर्वापरासाठी पाठवला जातो. सारसोळे, दिवाळे, वाशी आणि ठाण्यात गायमुख येथे असा एकेक डबा बसवायला फार खर्च येणार नाही. पाइप कापून, वरचे तोंड वाकवून, पावसाचे पाणी जाण्यासाठी खाली भोक पाडून पहिला डबा मी स्वतः तयार केला आहे आणि तो सध्या माझ्या गॅलरीत पडून आहे. महापालिकेने धक्क्यावर तो लावण्याची परवानगी दिली, तर दर रविवारी तो रिकामा करण्याची जबाबदारी मी घेतो.

आपला,
एक नियमित वाचक
नेरूळ, नवी मुंबई